न झालेल्या कोर्सचं प्रमाणपत्र

इंग्रजीतले बारा काळ मी गेली चौदा वर्षं शिकवते आहे, आणि त्यातला साधा भूतकाळ आमच्या कॉलेजात सगळ्यात जास्त वापरला जातो, हे मी शपथेवर सांगू शकते. कार्यक्रम झाला. पाहुणे आले. विद्यार्थ्यांनी उत्साहाने भाग घेतला. चहापानाने सांगता झाली. यातलं चहापान बहुतेक वेळा खरं असतं.

कॉलेज जयपूरला टोंक रोडवर, प्रताप नगर मागे टाकलं की लागतं. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. मी मूळची मिरजेची. नवरा इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, म्हणून मी इथे. तो लोकांना गुंगी आणतो आणि मी व्याकरण शिकवते, तेव्हा आमचा धंदा एकच, असं तो चारचौघांत सांगतो. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करते.

दर काही वर्षांनी कॉलेजात तपासणी समिती येते आणि त्याआधी तीन-चार महिने फायली भरण्याचा हंगाम चालतो. हा हंगाम कौशिकजींचा. ते शिकवतात वाणिज्य, पण त्यांचं खरं कसब फायलींत. नोव्हेंबरात त्यांच्या लक्षात आलं, की ‘कर्मचाऱ्यांसाठी उपक्रम’ ही फाईल साफ रिकामी आहे. ते माझ्या केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, की शिपाई, ड्रायव्हर, माळी आणि मेसच्या लोकांसाठी तुम्ही उन्हाळ्यानंतर तीस तासांचा इंग्रजी बोलण्याचा कोर्स घेतलात, त्याचा अहवाल तेवढा हवाय. मी म्हटलं, मी कुठला कोर्स घेतला? त्यावर ते हसले. मैम, लिख दीजिए, सब लिखते हैं.

मी लिहिला. लपवून काय उपयोग? या कॉलेजात मला तीनच वर्षं झाली होती, मी अजून प्रोबेशनवर होते, आणि कायम करण्याच्या यादीवर डायरेक्टर सरांची सही व्हायची होती. अहवाल मात्र सुरेख उतरला. पाच जुलै ते वीस ऑगस्ट. चाळीस लाभार्थी. काळ आणि त्यांचा वापर यावर विशेष भर. खरं वाटावं म्हणून मी त्यात एक ओळ अशीही घातली, की अतिवृष्टीमुळे दोन तासिका पुढे ढकलाव्या लागल्या. एरवी कुणाचा एक ‘एस’ राहिला तर अर्धा मार्क कापणारी मी, चार पानं खोटं लिहिताना एकही चूक केली नाही.

चाळीस नावं कौशिकजींनीच गोळा केली. सह्या झाल्या, डिसेंबरअखेर प्रमाणपत्रं वाटली. कुणी ती घरी नेली, कुणी त्यावर समोसे ठेवून खाल्ले. बसचा ड्रायव्हर रणजीत याने आपलं लॅमिनेट करून आरशाखाली लटकवलं. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालनताई माझ्या दारात उभ्या. शालनताई म्हणजे मुलींच्या होस्टेलच्या मेसमधल्या मुख्य. मूर्तिजापूरकडच्या. नवरा सुधाकर रेल्वेत फिटर, त्याच्या बदलीमागून इथे आल्या आणि अकरा वर्षं या मेसमध्ये आहेत. सगळ्या कॉलेजात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे पोह्यांच्या दिवशी माझ्यासाठी एक डबा बाजूला निघायचा. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात डबा नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि बोट लावून एक-एक शब्द वाचला. हॅज सक्सेसफुली कम्प्लीटेड.

“मॅडम, हे कधी झालं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अहो, ते नुसतं कागदापुरतं आहे, समितीसाठी. त्यांनी मान हलवली. समजल्यासारखी हलवली, म्हणून मी पुन्हा वहीत डोकं घातलं. पण त्या हलल्या नाहीत.

“सही तं माहीच हाय याच्यावर. तीस तास लिवले हायेत. मंग शिकवा ना आता.”

हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग त्यांचाच आला, हे कबूल करते. एकोणचाळीस माणसांनी सही करून विषय सोडून दिला होता आणि या बाई उधारी वसूल करायला आल्यासारख्या उभ्या. मी विचारलं, इंग्रजी कशाला हवंय तुम्हाला? तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नव्या सत्रापासून मेस एका ठेकेदाराकडे जाणार होती, तो आपली माणसं घेऊन येणार होता. म्हणजे मार्चनंतर शालनताई घरी. होस्टेलला मात्र सहायक वॉर्डन नेमायची होती. जागेसाठी पदवी हवी, ती त्यांच्याकडे होती. लग्नाआधी मूर्तिजापूरला त्या बी.ए. झाल्या होत्या, आणि हे अकरा वर्षांत कुणी त्यांना विचारलं नव्हतं. दुसरी अट, इंग्रजी बोलता येणं. होस्टेलातल्या मुली कुठून कुठून येतात, पालकांचे फोन येतात. अर्जासोबत जोडायला प्रमाणपत्र आता त्यांच्याजवळ होतं. पण प्रमाणपत्र जोडायचं आणि तोंड उघडता येऊ नये, हे त्यांना पटत नव्हतं.

मला नाही म्हणता आलं नाही. शिवाय मनात एक हिशेब होताच. समिती लाभार्थ्यांशी बोलते. चाळिसातल्या एकाला तरी बोलता आलं तर माझ्याच अहवालाची लाज राखली जाईल. चांगुलपणा आणि भीती अशी एकत्र आली की माणूस लवकर हो म्हणतो.

रोज दुपारी चार ते पाच, मेसमध्ये, लांब टेबलाच्या टोकाला आमचा वर्ग भरू लागला. हिवाळा होता, मटारचा ढीग समोर असायचा. शालनताई शेंगा सोलायच्या, मी शिकवायची, आणि तास संपला की त्या स्वतः वहीत तारीख घालून ‘तास १’, ‘तास २’ असं लिहायच्या आणि माझी सही घ्यायच्या. चौदा वर्षांत माझ्या हजेरीवर इतकं बारीक लक्ष कुणी ठेवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी बारा काळांचा तक्ता नेला. इथे सगळीकडे शिकवतात तसाच: ता है, ती है, ते हैं आलं की हा काळ. रहा है, रही है आलं की तो. शालनताईंनी तो तक्ता नीट पाहिला आणि बारा कशाला लागतात, असं विचारलं. मी म्हटलं, लागतात. त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरात तर तीनच, झालं, होऊन रायलं आणि व्हायचं हाय. तिथे मी तक्ता बाजूला ठेवला, कारण वऱ्हाडीतलं हे ‘होऊन रायलं’ म्हणजे जे समजवायला मी माझ्या वर्गात आठवडा घालवते तेच. मी पोया लाटून रायली, आय ॲम रोलिंग. एका दुपारीत काम झालं. माझ्या मिरजेच्या मराठीत ही सोय इतकी ठसठशीत नाही, याचा मला थोडा हेवाही वाटला.

खरी झटापट झाली ती ‘आय कुक्ड’ आणि ‘आय हॅव कुक्ड’ यांच्यात. वर्गात मी यावर फळाभर बाण काढते आणि शेवटी मुलं ते पाठ करून टाकतात. शालनताईंनी पाठ करायला नकार दिला. दोन्हीत भाजी झालीच आहे तर दोन वाक्यं कशाला, असा त्यांचा सवाल. मी तीन दिवस बाण काढले. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, थांबा मॅडम. भाजी केली होती, मुली जेवून गेल्या, पातेलं घासून पालथं पडलं, हे ‘कुक्ड’. भाजी केलीय, मतलब अजून पातेल्यात हाय, वाढू का, हे ‘हॅव कुक्ड’. मी म्हटलं, हो, असंच. दुसऱ्या दिवशी हे मी बी.ए. द्वितीय वर्षाला माझ्याच नावावर सांगितलं. वर्गाला पहिल्यांदाच कळलं.

पुढचा, ‘हॅड’चा काळ त्यांना शिकायची गरजच नव्हती. मुली आल्या तेव्हा भाजी संपली होती, हे वाक्य मेसमध्ये रोज कुणी तरी भांडून म्हणतंच. जवळच्याच चाकसू गावची एक मुलगी तर रोज उशिरा येऊन त्याचं उदाहरण द्यायची. शालनताई तिला इंग्रजीत सांगू लागल्या, “व्हेन यू केम, द भाजी हॅड फिनिश्ड.” ती मुलगी इतकी दचकली की त्या दिवशी निमूट दही-पोळी खाऊन गेली.

घरीही हा प्रकार पोचला होता. सुधाकररावांना त्या सकाळी विचारायच्या, हॅव यू टेकन टिफिन? ते हिंदीत म्हणायचे, ले लिया भई. त्यावर त्या म्हणायच्या, कधी घेतला ते सांगितलं नाई, म्हणून ‘हॅव’च. बिचारे लवकर ड्युटीवर निघू लागले, असं शालनताईच मोठ्या समाधानाने सांगत.

एकोणिसावा तास झाला आणि कौशिकजी धावत आले. महिनाअखेरीस यायची समिती आता दुसऱ्याच दिवशी येणार होती. त्याच संध्याकाळी डायरेक्टर सरांनी मला आणि शालनताईंना बोलावून घेतलं. लाभार्थी म्हणून शालनताईच बोलतील, असं ठरलं. नीट बोलल्या तर वॉर्डनच्या जागेचा विचार करू, असं सर म्हणाले. आणि नीट नाही बोलल्या तर काय, हे न बोलताही सगळ्यांना कळलं. कौशिकजींनी एका चिठ्ठीवर वाक्य लिहून दिलं होतं: जुलै-ऑगस्टमध्ये मी तीस तासांचा कोर्स पूर्ण केला आणि मला त्याचा फार उपयोग झाला.

बाहेर आल्यावर शालनताईंनी चिठ्ठी मला दाखवली.

“मॅडम, हे बोलू का मी?”

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोला, म्हटलं. इंग्रजी शुद्ध आहे.

हे माझं वाक्य मला आजही आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात समितीसाठी पांढरी चादर घातलेलं टेबल, काजू, फुलं. समितीच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, दक्षिणेकडच्या, हिंदी जेमतेम येणाऱ्या. सकाळपासून त्यांनी सतरा फायली पाहिल्या होत्या आणि त्यांचा चेहरा सतरा फायली पाहिलेल्या माणसाचा होता. आमची फाईल आली. शालनताई उभ्या राहिल्या. निळी सुती साडी, केस चापूनचोपून बांधलेले. अध्यक्षबाईंनी सहज, कागदावरून नजर न उचलता इंग्रजीत विचारलं, तर तुम्ही हा कोर्स पूर्ण केलात?

“आय हॅव...” शालनताई म्हणाल्या आणि थांबल्या.

चिठ्ठी त्यांना पाठ होती, मला माहीत होतं. सकाळी त्यांनी ती मला दोनदा म्हणून दाखवली होती. मग त्या सावकाश, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारख्या बोलल्या.

“आय हॅव डन नाइन्टीन अवर्स, मॅडम. इलेव्हन अवर्स आर लेफ्ट.”

अध्यक्षबाईंनी मान वर केली. अहवाल उलटला. ऑगस्टमध्ये संपलेल्या कोर्सचे अकरा तास जानेवारीत कसे उरले, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं. डायरेक्टर सर तेवढ्यात हसले. मोठं, सगळ्यांना सामावून घेणारं हसू. म्हणाले, मॅडम, बाई स्वयंपाकघरातल्या आहेत, टेन्सेसमध्ये अजून घोटाळा होतो. टेबलाभोवतीचे सगळे हसले. कौशिकजींनी सुटकेचा श्वास टाकला. मार्ग निघाला होता, आणि खरंच सोपा होता. शालनताईंचं इंग्रजी कच्चं ठरलं की अहवाल पक्का ठरत होता. आणि इंग्रजी कच्चं ठरलं की वॉर्डनची जागाही गेली.

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. वाचवा, असं त्या नजरेत अजिबात नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर त्या माझ्याकडे जशा बघतात तशाच बघत होत्या. बरोबर का चूक, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मला फार लाज वाटली. मी उभी राहिले. 

“मॅडम, यांचा टेन्स बरोबर आहे,” मी म्हटलं. “चूक अहवालात आहे, आणि अहवाल मी लिहिला आहे. ऑगस्टमध्ये कोर्स झाला नव्हता. तो आता चालू आहे, आणि विद्यार्थी ही एकच.”

काजूच्या बशीकडे जाणारा एक हात मध्येच थांबला, हे मला आठवतं. डायरेक्टर सर माझ्याकडे असे बघत होते, की कायम होण्याची यादी मला त्यांच्या डोळ्यांतच फाटताना दिसली. त्या एका वाक्यापायी मला पुढे खुलासा द्यावा लागला आणि प्रोबेशन आणखी एक वर्ष वाढलं. पण त्या क्षणी मला मोकळं वाटलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला काहीच बोलल्या नाहीत, ते बरंच झालं. त्यांनी शालनताईंना विचारलं, की कागदावर कोर्स झालेलाच होता, तर तुम्ही शिकायला कशाला आलात? शालनताईंनी वॉर्डनच्या जागेचं सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. डायरेक्टर सर घाईने मध्ये पडले. विचार करतोय आम्ही, पण पालकांशी फोनवर बोलायचं असतं, इंग्रजी पक्कं लागतं.

“मग पाहू या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी खरंच टेबलावरचा मोबाईल उचलून कानाला लावला. मी एका मुलीची आई आहे, त्या म्हणाल्या, लांब राहते. संध्याकाळचे सात वाजले आहेत. मुलगी होस्टेलवर आहे ना?

सभागृहात कुणी हसलं नाही. शालनताईंनी पदर सावरला. समोर खरोखर कुणाची तरी आई असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“शी वेन्ट आउट ॲट फोर, मॅडम. शी हॅज नॉट कम बॅक. आय ॲम गोइंग टू द गेट नाऊ. आय विल कॉल यू इन टेन मिनिट्स.”

एका दमात चार काळ. मी मनातल्या मनात मोजत होते आणि चारही जागच्या जागी होते. आमच्या आधीच्या वॉर्डनबाई, आणि खरं तर कुठलीही वॉर्डन, अशा वेळी एकच सांगते: आ रही है, रास्ते में है. पालकांना बरं वाटतं आणि फोन ठेवता येतो. अध्यक्षबाईंनाही हे माहीत असावं. त्या फोन कानावर तसाच धरून म्हणाल्या, पण मी घाबरले ना आता. येतेच आहे, असं सांगितलं असतंत तर मला धीर आला असता.

 शालनताईंनी या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःशीच काही जुळवलं आणि म्हणाल्या,

“आय हॅव नॉट सीन हर कमिंग, मॅडम. हाऊ आय विल से?”

अध्यक्षबाईंनी फोन खाली ठेवला. डायरेक्टर सरांकडे वळून त्या म्हणाल्या, की माझी मुलगी होस्टेलला असती तर मला हीच बाई फोनवर हवी होती, आणि हे मी लिहून जाणार आहे. तसं त्यांनी लिहिलं. आमच्या फायलीचे गुण त्याच पेनाने कापले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहायक वॉर्डनच्या नेमणुकीची ऑर्डर निघाली.

शालनताईंच्या त्या शेवटच्या वाक्यात शब्दांचा क्रम चुकला होता. ‘विल’ आधी यायला हवं होतं. माझ्या ते लगेच लक्षात आलं. मग उरलेले अकरा तास आम्ही घेतले, ‘तास ३०’ खाली मी सही केली, पण ते वाक्य दुरुस्त करायला मी काही गेले नाही.